रक्षकांचा शीण व मद्यपान : कांहीं जुने व नवे दाखले

कोतवाल, जागल्या, रामोशी, शिपाई हीं नांवें आपल्या संशोधनांत वारंवार येतात. कोतवालाचे अधिकार कोणते, दंडाचा वसूल किती, जागल्याचें वतन कोणत्या शर्तीचें, ह्यांविषयीं लेखन पुष्कळ झालें आहे. परंतु रात्रभर पहारा करून पहाटे घरीं परतणारा जो शिपाई, त्याच्या देहाची व मनाची अवस्था काय होती, परततांना तो वाटेंत कोठें थांबत होता, आणि घरीं त्याचीं बायकामुलें कशी वाट पाहत होतीं, हा प्रश्न आमच्यापैकीं थोड्यांनींच विचारला असेल. रक्षकवर्गास चाकरींत होणारा शीण, त्यांतून जडणारें मद्यव्यसन व ह्या दोहोंचा कुटुंबावर पडणारा भार, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, राज्यसंस्थेनें रक्षकाच्या अपराधाची नोंद ठेविली, त्याच्या मृत्यूचीहि ठेविली. त्याच्या थकव्याची नोंद मात्र तिनें क्वचितच ठेविली. आणि व्यसन वाढतें तें बहुधा ह्याच न नोंदलेल्या जागीं.

१

आरंभ कालिदासापासून करूं. अभिज्ञानशाकुंतलाच्या सहाव्या अंकाचा प्रवेशक विद्यालयांत विनोदी म्हणून शिकवितात, आणि तो विनोदी आहेच. राजाची नाममुद्रा असलेली अंगठी जवळ सांपडल्यामुळें एका धीवरास दोघां रक्षींनीं पकडलें आहे. त्यांचीं नांवें सूचक व जानुक. त्यांचा वरिष्ठ नागरक हा राजाचा श्याल, म्हणजे मेहुणा. धीवराचे हात मागें बांधलेले आहेत व रक्षी त्यास मारीत आणीत आहेत. श्याल अंगठी घेऊन राजवाड्यांत जातो, आणि हे दोघे कैद्यासह दाराशीं ताटकळत उभे राहतात.

ह्यापुढील भाग लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. वरिष्ठास उशीर होतो. एक जण कुरकुरतो. दुसरा त्यास समजावतो कीं, राजांची गांठ सवड पाहूनच घ्यावी लागते. ह्या रिकाम्या वेळांत सूचकाचे हात शिवशिवूं लागतात व वध्यास घालावयाचीं फुलें ह्या धीवराच्या अंगावर केव्हां चढवूं असें त्यास होऊन जातें. इतक्यांत हुकूम उलटतो. धीवर सुटतो, एवढेंच नव्हे तर अंगठीच्या मोलाइतकें द्रव्य त्यास बक्षीस मिळतें. रक्षकांस कांहींच मिळत नाहीं. जानुक त्या द्रव्याकडे असूयेनें पाहतो. धीवर तें ओळखतो आणि अर्धी रक्कम फुलांच्या किंमतीदाखल त्यांस देतो. लागलीच, क्षणापूर्वीं वध्य असलेला मनुष्य श्यालाचा जिवलग मित्र होतो, ह्या नव्या मैत्रीस मद्याची साक्ष असावी असें ठरतें, आणि सगळे शौंडिकाच्या दुकानाची वाट धरतात.

ताटकळणें, वरिष्ठांची मर्जी, दुसऱ्याच्या देहावर एकाएकीं आलेली सत्ता, आपल्या श्रमास बक्षीस नाहीं ही खंत, तिच्या पोटीं लांच, आणि शेवटीं गुत्ता : हा क्रम कवीनें एका लहानशा प्रवेशांत बसविला आहे. आजच्या काळांतील एखादा वैद्य शिपायाच्या व्यसनाचीं कारणें लिहूं लागला, तर त्याची यादी ह्याहून फार निराळी होईल असें आम्हांस वाटत नाहीं. आणखी एक गोष्ट आहे. गुत्त्याकडे नेणारा मनुष्य कनिष्ठ शिपाई नसून स्वतः नागरक आहे. अधिकारी, शिपाई व कालचा कैदी ज्या एकाच ठिकाणीं बरोबरीनें बसूं शकतात, तें ठिकाण मद्याचें दुकान आहे. जेथें दिवसभर आज्ञा व धाक ह्यांवांचून दुसरें बोलणें नाहीं, तेथें मन मोकळें करण्याची हीच एक जागा उरते. व्यसनाची ही बाजू नीतिग्रंथांत क्वचितच सांगितलेली आढळते. कवीच्या मात्र ती नजरेस आली.

२

आतां शास्त्राकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राची ताडपत्रावरील प्रत १९०५ सालीं म्हैसूरच्या ग्रंथालयांत आर. शामशास्त्री ह्यांच्या हातीं आली व १९०९ सालीं मूळ ग्रंथ छापून निघाला, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगावयास नकोच. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांत नागरकाचीं कर्तव्यें दिलीं आहेत. रात्रीं ठराविक वेळीं वाद्य वाजल्यानंतर संचारास बंदी, आगीपासून रक्षण, परस्थांची नोंद, पाण्याच्या जागा, वाटा व तट ह्यांची रोजची पाहणी, असा तो विस्तार आहे. रक्षींविषयीं तेथें जें सांगितलें आहे तें मुख्यतः दंडाचें : अडवूं नये त्यास अडविलें, अडवावयाचें त्यास सोडलें, किंवा स्त्रियांशीं अतिप्रसंग केला, तर कोणता दंड. ह्यांतील शेवटची शिक्षा कुलस्त्रीच्या बाबतींत प्राणांतिक आहे. शासनकर्त्यास आपल्या रक्षकांची भीति किती वाटत होती, हें ह्या सूत्रांवरून उघड होतें.

त्याच अधिकरणांत सुराध्यक्षाचें प्रकरण आहे. मद्यशाळेंत वेगवेगळ्या खोल्या, शय्या व आसनें असावीं, आणि तेथें गुप्त हेरांनीं गिऱ्हाइकांच्या खर्चावर नजर ठेवावी, असें कौटिल्य सांगतो. म्हणजे मद्यशाळा हें राज्याचें उत्पन्नाचें स्थान, तसेंच बातमी काढण्याचेंहि स्थान. ज्या वर्गास मद्यापासून दूर राहण्याचा उपदेश करावयाचा, त्याच वर्गांतील कांहीं माणसांस राज्य स्वतः गुत्त्यांत नेऊन बसवितें! हा विरोध पुढें किती टिकला तें आपण पाहणारच आहों.

आठव्या अधिकरणांत मद्यपानाची गणना व्यसनांत केली आहे व शुद्ध हरपणें, बुद्धि, बल, वित्त व मित्र ह्यांचा नाश होणें, असे त्याचे परिणाम दिले आहेत. परंतु ती चर्चा राजाच्या व्यसनाची. शिपायाचें व्यसन स्वतंत्र विचारास पात्र ठरलेलें नाहीं. ह्याउलट पांचव्या अधिकरणांत, भृत्यांच्या भरणपोषणाच्या प्रकरणांत, एक उदार नियम आहे : कामावर असतां मेलेल्यांच्या स्त्रीपुत्रांस अन्न व वेतन मिळावें. आमच्या पदरीं जो निष्कर्ष येतो तो असा. रक्षक अपराधी ठरला म्हणजे शास्त्रास दिसतो. तो मेला म्हणजे त्याचें कुटुंब शास्त्रास दिसतें. जो अपराधीहि नाहीं व मेलाहि नाहीं, पण रोज थोडा थोडा झिजत आहे, त्याच्यासाठीं सूत्र नाहीं.

३

रक्षकाच्या चिंतेचें दुसरें मूळ धर्मशास्त्रांत आहे. आपस्तंबाच्या धर्मसूत्राप्रमाणें नगराभोंवतीं एक योजन व ग्रामाभोंवतीं एक क्रोश एवढ्या टापूंत चोरी झाली, तर ती रक्षकांनीं भरून द्यावयाची. हा नियम नुसता ग्रंथांत राहिला नाहीं. १८१९ सालच्या आपल्या अहवालांत एल्फिन्स्टननें दख्खनच्या गांवरहाटीचें जें वर्णन केलें आहे, त्यांत चोराचा माग शिवेपर्यंत काढून पुढच्या गांवाच्या हवालीं करण्याची जबाबदारी स्पष्ट आहे. माग गांवांतच थांबला, तर नुकसानीचा बोजा तेथेंच येऊन पडे. रामोशी, भिल्ल व महार जागल्ये ह्यांच्या हक्कांचा विचार करतांना आपण बलुतें व इनाम मोजतों. त्याच तागडींत रात्रीची ही धास्तीहि घातली पाहिजे. ज्याची झोंप उडाली तरी पोट भरत नाहीं, आणि ज्याला झोंप लागली तर घर बुडतें, अशा मनुष्यानें थंडीच्या रात्रीं शेकोटीजवळ चिलीम ओढली किंवा घोटभर दारू घेतली, ह्यांत नवल तें काय?

मराठेशाहींत पडलेल्या माणसांच्या मुलांस बालपरवेशी देण्याची रीत होती, हें पेशवे दफ्तर चाळणाऱ्यांस ठाऊक आहे. कौटिल्याच्या त्या उदार नियमाचीच ही सावली म्हणतां येईल. मद्याविषयीं पेशव्यांचें धोरण कडक होतें. न्यायमूर्ति रानडे ह्यांनीं पेशव्यांच्या रोजनिशांस जी प्रस्तावना लिहिली, तींत दारू गाळण्याच्या व विकण्याच्या बंदीचा आणि पोर्तुगीज किरिस्तांवांस दिलेल्या सवलतीचा निर्देश आहे. पुणें शहरांत बंदी मोडणारांस धरणें हें कोतवालीचें काम. येथें कौटिल्याच्या वेळचा विरोध उलट बाजूनें उभा राहतो : पूर्वीं राज्य मद्य विकीत होतें व रक्षक तेथें बसत होता, आतां राज्य मद्य अडवीत होतें व रक्षक तें जप्त करीत होता. दोन्ही रीतींत मद्याच्या सर्वांत जवळचा चाकर तोच.

पुण्याच्या कोतवालीचें नांव काढलें कीं घाशीराम सावळदास आठवतो. तो १७७७ सालीं कोतवाल झाला. ऑगस्ट १७९१ अखेर त्याच्या कोठडींत एकवीस तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, आणि खवळलेल्या जमावानें त्यास दगडांनीं ठेंचून मारलें. ह्या प्रकरणावर आजवर जें लिहिलें गेलें तें सारें घाशीरामाच्या जुलमाभोंवतीं फिरतें, व तें योग्यच आहे. आम्ही वाचकांचें लक्ष एवढ्याकडेच वेधूं इच्छितों कीं, कोठडीचें दार कोतवाल स्वतः धरून बसत नाहीं. आंतला आक्रोश कानावर पडत असतां हुकुमाशिवाय दार न उघडणारा जो पहारेकरी, तोहि त्या रात्रीचा एक भाग आहे. आज्ञा व दया ह्यांच्या कात्रींत सांपडणें हा रक्षकाच्या चाकरींतील सर्वांत जुना शीण होय. श्रमाचें कारण सांगणें म्हणजे अपराधाची सफाई देणें नव्हे; धीवराच्या पाठीवरचे वळ सूचकाच्या थकव्यानें पुसले जात नाहींत. पण कारण न सांगतां केवळ धिक्कार केल्यानें पुढची कोठडी टळत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

४

इंग्रजी अमलांत रक्षक वतनदार राहिला नाहीं. तो पगारी शिपाई झाला. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या बाविसाव्या कलमानें पोलीस अधिकारी हा सदैव कामावर आहे असें मानावें, असें ठरविलें. मुंबई इलाख्याचे पोलीस कायदे निराळे होते. तरी स्वातंत्र्यानंतरच्या १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमांतहि हेंच तत्त्व आलें, व तो कायदा आतां महाराष्ट्र पोलीस कायदा ह्या नांवानें चालतो. जागल्याची रात्र सूर्योदयास तरी संपत होती. कायद्यानें शिपायाची रात्र आणि दिवस एक करून टाकले.

वेतनाची स्थिति काय होती? सर अँड्र्यू फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९०२-०३ सालीं बसलेल्या पोलीस आयोगानें पोलिसांच्या लांचखाऊपणावर कठोर ताशेरे झोडले, आणि शिपायास दरमहा निदान आठ रुपये तरी मिळावे अशी शिफारस केली. आठ रुपये हें जर मागणें, तर त्यापूर्वींची प्राप्ति किती तुटपुंजी असेल, ह्याचा अंदाज वाचकांनींच करावा. धीवराकडून अर्धें बक्षीस घेणाऱ्या जानुकाची गोष्ट येथें पुन्हां नजरेसमोर येते.

मद्याचा विरोधहि चालूच राहिला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखालीं सरकारास दारूचें मोठें उत्पन्न होतें. पुढें १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, १९५० पासून मुंबई राज्यांत सर्वत्र बंदी झाली, व हातभट्टी शोधून फोडणें हें शिपायाचें नित्याचें काम होऊन बसलें. १९६३ नंतर परवान्यांचें धोरण सैल झालें. तो कायदा महाराष्ट्रांत परवान्यांसह अद्यापि आहे. ज्याच्या हातून मद्य फुटतें, ज्याला तें सोडून देण्यासाठीं पैसा दाखविला जातो, आणि ज्याच्या स्वतःच्या अंगाला विसावा नाहीं, त्याच मनुष्याकडून पूर्ण संयमाची अपेक्षा आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलों आहों.

५

हल्लींच्या काळाचे दाखले देण्यास संकोच वाटूं नये. इतिहासाचा धागा जेथें आपल्या दारापर्यंत येतो, तेथें तो तोडण्याचें कारण नाहीं. राष्ट्रीय पोलीस आयोगानें फेब्रुवारी १९७९ च्या आपल्या पहिल्याच अहवालांत शिपायांच्या दैन्याचा प्रश्न हातीं घेतला. १९६६ च्या कायद्यानें पोलिसांच्या संघटनेच्या हक्कावर मर्यादा घातल्या होत्याच. ऑगस्ट १९८२ मध्यें मुंबईच्या शिपायांचा असंतोष रस्त्यावर आला, तेव्हां सैन्य बोलवावें लागलें. पोलीस संशोधन व विकास विभागासाठीं हैदराबादच्या अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजनें केलेल्या २०१४ च्या पाहणींत, ठाण्यांतील शेंकडा सुमारें ९० माणसें दिवसाला आठ तासांहून अधिक काम करतात व शेंकडा सुमारें ७४ जणांस महिन्यांतून एकदांहि साप्ताहिक सुटी मिळत नाहीं, असें दिसून आलें. २०१९ सालीं कॉमन कॉज व लोकनीति ह्यांनीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत सरासरी काम दिवसाला चौदा तास आहे, आणि चारांपैकीं तीन पोलिसांच्या मतें ह्या भाराचा त्यांच्या शरीरावर व मनावर परिणाम होतो.

चौदा तासांनंतर उरतात दहा. त्यांतून येणेंजाणें, जेवण व घरचीं कामें वजा केलीं म्हणजे झोंप किती राहते? तीहि आज रात्रीं तर उद्यां दिवसा. देहाचें घड्याळ असें विसकटलें म्हणजे अंथरुणावर पडूनहि डोळा लागत नाहीं, आणि मद्य हा झोंपेचा सोपा उपाय वाटूं लागतो. वैद्यक सांगतें कीं, मद्यानें झोंप लवकर येते, पण उत्तररात्रीं ती मोडते. म्हणून दुसऱ्या दिवशींचा थकवा अधिक, आणि दुसऱ्या रात्रीचा घोटहि अधिक. प्रेतें, अपघात, जमाव व शिव्या पाहून ऐकून आलेल्या मनास बोलावयास जागा नसली, तर ही चढण आणखीच उभी होते. त्यांत शिस्तीचा भाग असा कीं, व्यसन हा खात्याच्या लेखीं आधीं अपराध ठरतो. औषध मागणें म्हणजे कबुली देणें, अशी समजूत झाली म्हणजे शिपाई रोग लपवितो, आणि लपविलेला रोग वाढतो.

कुटुंबाची कोंडी ह्याहून अवघड आहे. मुंबईंत वरळी, नायगांव वगैरे ठिकाणीं १९२० नंतरच्या दशकांत विकास खात्यानें, म्हणजे बी. डी. डी. नें, चाळी बांधल्या. त्यांत पोलिसांचीं पुष्कळ कुटुंबें पिढ्यान् पिढ्या राहिलीं. सरकारी खोली ही चाकरीशीं बांधलेली. नवरा पिऊन हात उगारूं लागला तर बायकोनें तक्रार कोठें करावी? ठाण्यांत त्याचेच सोबती बसलेले; आणि तक्रार लागू पडली, तर पगार जाण्याची व डोक्यावरचें छप्पर हलण्याची भीति. म्हणून ती गप्प राहते, व मुलें बापाच्या पावलांचा आवाज ओळखून घरांत वावरावयास शिकतात. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणासाठीं झालेल्या २००५ च्या कायद्यानें पोलिसांवांचून संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी केली, ही ह्या स्त्रियांच्या दृष्टीनें मोठी गोष्ट होय. १९८६ सालीं पुण्यास निघालेल्या मुक्तांगणासारख्या संस्थेनें व्यसनी मनुष्य हा रोगी आहे, हें तत्त्व महाराष्ट्रास शिकविलें. तें पोलीस चाळीच्या दारांतून आंत गेलें पाहिजे.

उपाय केवळ उपदेशाचे नाहींत, ह्यालाहि दाखला आहे. २०१६ सालीं मुंबईच्या देवनार ठाण्यांत आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढील वर्षीं आयुक्त दत्ता पडसलगीकर ह्यांच्या कारकीर्दींत तो इतर ठाण्यांत वाढविण्यांत आला. ह्या योजनेची मूळ कल्पना एका साध्या शिपायाची होती. जे शास्त्रकारांस व आयोगांस सुचलें नाहीं, किंवा सुचूनहि साधलें नाहीं, तें पहाऱ्यावर उभा राहिलेल्या मनुष्यानेंच मांडलें.

६

ह्या विवेचनावरून तीन गोष्टी हातीं येतात. रक्षकाचें मद्यपान हें आजच्या काळाचें खूळ नव्हे. त्याचा दाखला कालिदासापर्यंत मागें जातो. दुसरी, राज्य मद्य विकणारें असो वा अडविणारें असो, त्याच्या सर्वांत निकट शिपायालाच उभें केलें गेलें. तिसरी, दंड, वेतन व मृतांच्या वारसांचें पोषण ह्यांविषयीं नियम झाले; विश्रांतीविषयींचा नियम मात्र सर्वांच्या मागून आला, आणि तोहि प्रयोगाच्या रूपानें.

जुन्या कागदांच्या संग्राहकांस आमची एक विनंति आहे. कोतवालीच्या, फौजदारीच्या वा पुढील पोलीस खात्याच्या रुमालांतून आपण सनदा, निवाडे व मोठ्या नांवांचीं पत्रें वेगळीं काढतों, आणि रजेचे अर्ज, उचलीचे कागद, सावकाराचे रोखे, शिपायाच्या विधवेची विनंतिपत्रें हीं किरकोळ म्हणून बाजूस सारतों. तीं सारूं नयेत. राज्यानें शिपायाचा थकवा आपल्या वहींत लिहिला नसेल. पण आजारी बायकोसाठीं चार दिवसांची रजा मागणाऱ्या अर्जांत तो स्वतःच्या अक्षरांत उतरलेला असतो. अशा कागदांची यादी करणें, निदान त्यांस वाळवी लागूं न देणें, हें आपल्या हातचें आहे. पोलिसांच्या घरांतील आजचें दुःख कमी करण्याचें काम वैद्यांचें व शासनाचें. परंतु हें दुःख जुनें आहे, त्यास कारणें आहेत, आणि तें कोणा एकट्याच्या दुर्बळ स्वभावाचें फळ नव्हे, एवढें पुराव्यानिशीं दाखवून देणें हें इतिहासाच्या अभ्यासकांचें काम होय.